पूर्वेच्या भिंतीतलं भोक

कणीक मळून झाली की सोयराबाई परातीवर ओला पंचा टाकत. दुधाच्या पातेल्यावर झाकण, साखरेच्या डब्यावर झाकण, पिण्याच्या पाण्याच्या कळशीवर तर झाकण आणि वर फडकं. नवख्या पाहुण्याला वाटे, बाई फार सोवळ्याच्या आहेत. सोवळ्याचा काही संबंध नव्हता. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये त्यांचे यजमान व्यंकोजीराव लाकूड कापत आणि त्या लाकडाचा भुसा घरभर फिरत असे.

व्यंकोजीरावांचं घराणं बंगळूरचंच म्हणायचं. पूर्वज कधीतरी मराठा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण त्यात निम्मं कन्नड मिसळलेलं. गावाकडे जाऊ म्हणायला त्यांना गावच उरलेलं नव्हतं. व्यंकोजीरावांनी उभा जन्म एका सरकारी कारखान्यात काढला. यंत्राचे भाग ओतण्याआधी त्यांचे लाकडी नमुने बनवावे लागतात, त्या खात्यात ते होते. केसाएवढा फरकही तिथे चालत नसे. त्र्याण्णव साली कारखान्याने माणसं कमी करायला काढली, तेव्हा त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली आणि बनशंकरीतल्या आपल्या घरामागे शेड घातली. गोल करवत, रंध्याचं मशीन, उभी पट्टीकरवत, घासायची चकती असं एकेक जुनं यंत्र आणून, दुरुस्त करून उभं केलं. देव्हारे, पाळणे, झोपाळ्याच्या पाट्या, कधी एखादं जेवणाचं टेबल. वर्षभरात कामाला तोटा राहिला नाही, आणि भुशालाही.

सोयराबाई आधी शिंकत. मग डोळे लाल होऊ लागले. मग सकाळी उठल्या की तासभर नाक वाहायचं. त्यांनी कधी भांडण केलं नाही. एक दिवस व्यंकोजीराव जेवायला घरात आले तर स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात देव नव्हते. सोयराबाईंनी ते उचलून पुढच्या खोलीत, कपाटाच्या वर नेऊन ठेवले होते. का, ते विचारायची गरज नव्हती. कोनाड्यात देवांच्या मागे भिंतीवर भुशाची पिवळट साय धरली होती, आणि मूर्ती जिथे होत्या तेवढ्याच जागा स्वच्छ राहिल्या होत्या. व्यंकोजीराव त्या दिवशी पोटभर जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या मागे लागले.

असलं यंत्र त्यांनी कारखान्यात रोज पाहिलं होतं. शिवाजीनगरच्या भंगार बाजारातून त्यांनी एक मोटार आणि पंख्याचा लोखंडी डबा शोधून आणला, तिथल्याच एका वेल्डिंगवाल्याकडून पाती नवी बसवून घेतली. प्रत्येक मशीनपासून जाड पीव्हीसी पाइप छताखाली नेले. प्रत्येक पाइपला लाकडी झडप केली, म्हणजे जे मशीन चालू असेल तेवढीच झडप उघडायची आणि सगळी ओढ तिथेच लावायची. पाइपमधून धूळ धावली की प्लास्टिकला वीज चढते, म्हणून आतून तांब्याची तार फिरवून जमिनीत नेली. मध्ये एक मोठा पत्र्याचा पिंप बसवला. हवा त्यात आडवी शिरायची, भोवऱ्यासारखी फिरायची, जड भुसा आणि ढलप्या तळाशी पडायच्या. उरलेली हवा वरच्या तोंडातून पंख्यात जायची आणि पंख्यातून बाहेर.

बाहेर म्हणजे पूर्वेच्या भिंतीतून. तिथे त्यांनी छिन्नीने भोक पाडलं आणि पाइपचं तोंड काढून दिलं.

ज्या दिवशी यंत्र सुरू झालं त्या दिवशी त्यांनी सोयराबाईंना शेडमध्ये बोलावलं. जाड सागाची फळी करवतीवर चढवली, पंखा घोंघावला, आणि पात्यापाशी उडणारा भुसा जागच्या जागी गिळला गेला. सोयराबाईंनी टेबलावर बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं, स्वच्छ. त्या हसल्या. आठवड्याभरात देव परत कोनाड्यात आले. शिंका कमी झाल्या. नात्यातलं, ओळखीतलं कुणी आलं की त्या शेड दाखवायला नेत, म्हणत, "आमच्या ह्यांनी डोकं लावून केलंय."

एक गोष्ट व्यंकोजीरावांनी कुणाला सांगितली नव्हती. पिंपात जड भुसा पडतो. पिठासारखी बारीक पूड पडत नाही, ती हवेबरोबर पुढे जाते. म्हणून कारखान्यात पंख्याच्या पुढे माणसाच्या उंचीच्या जाड कापडी पिशव्या टांगलेल्या असत. हवा कापडातून निघून जाई, पूड आत अडके. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एक दिवस जुन्या गादीची खोळ बांधूनही पाहिली होती. पण खोळ भरली की ओढ मंदावायची, झटकताना पुन्हा शेडभर धूळ व्हायची, आणि जागाही खूप अडायची. त्यांनी खोळ सोडून ठेवली. चांगलं कापड आणून पुढे करू, असं मनाशी म्हणाले. तोवर वारा आहेच, नेईल कुठेतरी.

कुठेतरी म्हणजे कुठे, तेही त्यांना दिसत होतं. पूर्वेच्या भिंतीपलीकडे हातभर बोळ, मग कंपाउंडची भिंत, आणि त्यापलीकडे जयतीर्थांची मागची पडवी.

जयतीर्थ हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळा रस्ता त्यांना मेष्ट्रू म्हणे, म्हणजे मास्तर. मुलगा परदेशी, घरात ते आणि त्यांची पत्नी वेदवती. जवळच्या मठात संध्याकाळी ते पुराण सांगत. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण शेवटच्या ओळीतल्या म्हातारीलाही शब्दन् शब्द पोचायचा. व्यंकोजीरावांना संस्कृत येत नव्हतं, तरी ते जाऊन बसत. दोघांचं वीस वर्षांचं शेजारपण. शेड बांधताना पायाच्या ओळी आखायला दोरीचं दुसरं टोक जयतीर्थांनीच धरलं होतं.

पंचाण्णव सालच्या उन्हाळ्यात कोरमंगल्याच्या एका गृहस्थांनी व्यंकोजीरावांना जेवणाचं टेबल आणि खुर्च्या सांगितल्या. लाकूड त्यांचंच होतं, पाडलेल्या जुन्या बंगल्यातलं शिसव. असं लाकूड आता बघायला मिळत नाही. व्यंकोजीरावांनी पहिल्या फळीवर रंधा मारला तेव्हा आतून जांभळा-काळा रंग असा उमलला की ते नुसते बघत राहिले. शिसव कापताना भुसाही तसाच निघतो, जांभळट तपकिरी, आणि नाकाला झोंबणारा. पंखा दिवसभर चालू राहू लागला. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला. तो शेडवरून थेट पूर्वेला जायचा.

जयतीर्थांचा खोकला त्याच सुमारास सुरू झाला.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. पावसाळी हवेत बंगळुरात निम्मं गाव खोकतं. पण श्रावण लागला तरी खोकला हटेना. पुराण सांगताना ते मध्येच थांबू लागले, पाणी पिऊ लागले. एकदा एका श्लोकावर इतका ठसका लागला की मठातल्या लोकांनी त्यांना हात धरून खाली उतरवलं. त्यानंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की आता दुसऱ्या कुणाला तरी बसवा. व्यंकोजीराव तेव्हा खांबाला टेकून बसले होते. त्यांना घरी यायला त्या दिवशी फार वेळ लागला.

मनात पाल चुकचुकली होती. पण ती पाल आहे की नुसता भास, हे त्यांनी जाऊन पाहिलं नाही.

मग धोतरांचं झालं. वेदवती एका दुपारी कंपाउंडच्या भिंतीपाशी येऊन सोयराबाईंना विचारत होत्या की अक्का, तुमच्या बोअरवेलचं पाणी लाल येतं का, आमच्या ह्यांची पांढरी धोतरं वाळत घातली की तांबूस होतात, कितीही निळीत बुडवा. व्यंकोजीराव शेडच्या दारात उभे होते. सोयराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आणि व्यंकोजीरावांच्या तोंडून निघून गेलं, "पाण्यात लोखंड असेल. टाकी धुवून घ्या एकदा."

वेदवती बरं म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्यांनी माणूस लावून टाकी धुवून घेतली. सोयराबाईंनी मदतीला आपली लांब झाडणी दिली.

त्या खोट्यानंतर व्यंकोजीरावांना वाटलं होतं की आता हे संपलं. पण खोटं एकदा बोललं की ते सांभाळावं लागतं. रस्त्याच्या टोकाला एक रिकामा प्लॉट होता, त्यात कमरेइतकं काँग्रेस गवत माजलं होतं. त्या गवताने दमा होतो, हे तेव्हा बंगळुरात पोरासोरांनाही पाठ होतं. डॉक्टरांनीही जयतीर्थांना तेच सांगितलं. जयतीर्थ गणिताचे मास्तर, कारण सापडलं की उपाय करणारच. ते सकाळी हातांना पिशव्या बांधून गवत उपटायला निघाले. त्या वयात, तशा छातीने. व्यंकोजीरावांना ते बघवेना. तेही विळा घेऊन गेले.

सकाळ संध्याकाळ दोघं गवत उपटत. व्यंकोजीराव म्हणत, मेष्ट्रे, तुम्ही सावलीत बसा, मी करतो. जयतीर्थ बसत नसत. गवताचा चीक लागून त्यांच्या मनगटावर लाल पुरळ उठलं. वेदवती खोबरेल लावत आणि व्यंकोजीरावांना कॉफी देत. प्लॉट मोकळा झाला त्या संध्याकाळी जयतीर्थ मठाच्या पायरीवर चार माणसांसमोर म्हणाले की मुलगा परदेशात आहे, पण मला शेजारी असा मिळाला की माझ्यासाठी गवत उपटतो. व्यंकोजीरावांनी चपला पायात सरकवल्या आणि काहीतरी काम निघाल्याचं सांगून ते चालू लागले.

गवत गेलं. खोकला गेला नाही.

गणपतीच्या आधी व्यंकोजीराव आपल्या गच्चीवर पाण्याच्या पाइपची गळती काढायला चढले. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. वरून त्यांची नजर शेजारच्या आवारात गेली. पडवीचा पांढरा चुना दिलेला कट्टा, त्यावर जयतीर्थांची वेताची खुर्ची, तुळशीचं वृंदावन, कर्दळीची पानं. कट्ट्यावर एक जांभळट डाग पसरला होता. व्यंकोजीरावांच्या शेडमधल्या भोकाच्या बाजूला अरुंद, आणि पुढे रुंद होत गेलेला, उलगडलेल्या पंख्यासारखा. डागाच्या अगदी मधोमध ती खुर्ची होती. पूर्वी देवांच्या मूर्तींखाली जशी स्वच्छ जागा राहिली होती तशी आता खुर्चीच्या पायांखाली राहिलेली असणार, हे त्यांना खाली जाऊन बघावं लागलं नाही.

आता संशय उरला नव्हता.

त्यांनी काय करायला हवं होतं हे सांगायला नको. त्यांनी केलं ते असं. खाली आले, शेडमधल्या पंख्याच्या मोटारीचं बटण बंद केलं, स्टुलावर बसून राहिले. सोयराबाईंनी चहा आणला, तो निवला. दुसऱ्या दिवशी कोरमंगल्याहून निरोप आला की घरात मंगलकार्य आहे, खुर्च्या लवकर हव्यात. थोड्याच राहिल्या होत्या. व्यंकोजीरावांनी स्वतःशी ठरवलं की एवढं काम संपवू, मग भोक बुजवू, पिशवी शिवू, आणि मेष्ट्रूंना सगळं सांगू. पंखा लावला नाही तर शेडमधली धूळ सोयराबाईंच्या नाकात जाणार होती. पंखा लावला तर जयतीर्थांच्या. त्यांनी पंखा लावला. पूर्वी त्यांना संशय होता, म्हणून सुटका होती. आता डोळ्यांनी पाहून, समजून उमजून त्यांनी ते बटण दाबलं. पुढच्या आयुष्यात त्यांना जे सगळ्यात जड गेलं ते हेच.

तीन-चार दिवसांनी दुपारच्या वेळी वेदवतींची हाक आली. व्यंकोजीराव भिंत ओलांडूनच गेले. जयतीर्थ कट्ट्यावर दोन्ही हात टेकून, पुढे झुकून बसले होते. खांदे वर जात होते, पण छातीत हवा जात नव्हती. ओठ काळे पडले होते. व्यंकोजीरावांनी त्यांना उचलून ऑटोत घातलं आणि दवाखान्यापर्यंत त्यांची पाठ धरून ठेवली. त्यांच्या स्वतःच्या बनियनवर, हातांच्या केसांवर जांभळी पूड होती. ते अर्ध्या रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं आणि ते हात झटकू लागले. चालत्या ऑटोत पूड आणखीच उडाली. मग त्यांनी मोकळा हात मांडीखाली दाबून धरला.

दवाखान्यात प्राणवायू लावला, इंजेक्शनं दिली. श्वास थोडा सावरला तेव्हा डॉक्टरांनी वेदवतींना विचारायला सुरुवात केली. हे सगळं बोलणं कन्नडात झालं. घरात कुणी विडी ओढतं का, मांजर आहे का, चूल आहे का, आसपास पिठाची गिरणी किंवा कसला धुळीचा कारखाना आहे का. वेदवती प्रत्येकाला नाही म्हणत होत्या. मग म्हणाल्या की गवत होतं, तेही काढून टाकलं, आणि व्यंकोजीरावांकडे वळल्या.

"तुम्हीच सांगा ना ह्यांना. तुम्हीच तर काढलंत."

पलंगावर जयतीर्थ डोळे उघडे ठेवून पडले होते. तोंडावर मुखवटा होता.

"धूळ आहे," व्यंकोजीराव म्हणाले. "माझ्या शेडमधून येते. शिसवाची. ह्यांच्या पडवीत पडते. मला माहीत होतं."

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून. व्यंकोजीरावांनी सांगितलं. पिशवी लावली नाही हे सांगितलं. धोतरांचं सांगितलं. डॉक्टर लिहून घेत गेले, मग म्हणाले की काही लाकडं छातीला बाधतात, शिसव त्यातलंच, आणि एकदा असा त्रास जडला की थोड्या धुळीनेही उठतो. सगळा दोष लाकडाचाच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, वय आहे, हवा आहे. व्यंकोजीरावांनी ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्याचा आधार घ्यायचा मोह त्यांना झालाही. पण वेदवती त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या जयतीर्थांच्या पायांवर पांघरूण सारखं करत होत्या. ते सारखं झाल्यावरही करत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी सोयराबाईंना सांगितलं. त्यांना वाटलं होतं, बाई रडतील. त्या रडल्या नाहीत.

"लोखंडाचं पाणी म्हणालात," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या शब्दावर टाकी घासायला झाडणी दिली. त्या बाईबरोबर उभी राहून टाकीत वाकून बघितलं मी."

मग त्या पुन्हा बोलल्या, आणि ते व्यंकोजीरावांना जास्त लागलं. "माझं घर स्वच्छ झालं तेव्हा मीपण नाही विचारलं, की धूळ जाते कुठे."

त्याच दिवशी व्यंकोजीरावांनी विटा आणून, सिमेंट कालवून भोक बुजवलं. कोरमंगल्याच्या गृहस्थांना जाऊन सांगितलं की राहिलेल्या खुर्च्या माझ्याने होणार नाहीत, लाकूड घेऊन जा. ते चिडले, बोलले. व्यंकोजीरावांनी ऐकून घेतलं. खरं तर त्यांना ते बोलणं बरं वाटलं, कारण ज्यांनी बोलायला हवं होतं ते काहीच बोलत नव्हते.

जयतीर्थ आठवडाभराने घरी आले. मधल्या काळात सोयराबाईंनी वेदवतींची परवानगी मागून पडवी, कट्टा, खुर्ची, कर्दळीचं पान न् पान ओल्या फडक्याने पुसून काढलं. वेदवतींनी परवानगी दिली. पाण्याची बादलीही भरून दिली. बोलल्या मात्र कामापुरतंच.

व्यंकोजीराव भेटायला गेले ते दाराशीच उभे राहिले. जयतीर्थांनी आत बोलावलं, बसायला सांगितलं. आवाज खरवडल्यासारखा झाला होता. व्यंकोजीराव वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेले. जयतीर्थ त्यांच्यापेक्षा फार मोठे नव्हते. त्यांनी पाय मागे घेतले.

"ते राहू दे," ते म्हणाले. "एक विचारायचंय. धूळ तुझी होती हे तुला कळत होतं. मग माझ्याबरोबर गवत उपटायला का आलास?"

व्यंकोजीरावांनी तयार करून आणलेलं सगळं बोलणं धुळीबद्दल होतं. गवताबद्दल त्यांच्यापाशी काही नव्हतं. जयतीर्थ वर्गात मुलाच्या उत्तराची वाट बघावी तसे थांबले. घाई केली नाही, मदतही केली नाही.

"उपटताना वाटायचं," व्यंकोजीराव शेवटी म्हणाले, "की कदाचित गवतच असेल. जितकं जास्त उपटीन तितकं ते खरं होईल."

जयतीर्थांनी मान हलवली. उत्तर बरोबर आहे एवढाच त्या हलवण्याचा अर्थ होता. क्षमा केली असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत आणि पुढेही कधी म्हणाले नाहीत. "सरी, ठीक आहे," म्हणाले, "आता मी स्वल्प पडतो." व्यंकोजीराव उठून आले.

शेड वर्षभर बंद राहिली. मग पोट होतं, हात होते, घरात बसून माणूस वेडा झाला असता. सोयराबाईंनीच विषय काढला. त्यांनी बाजारातून दाट विणीचं जाड कापड आणलं, व्यंकोजीरावांनी मापं दिली, आणि त्यांनी पुढच्या खोलीतल्या शिलाई मशीनवर दोन लांबलचक पिशव्या शिवल्या, दुहेरी शिवणीच्या. पिशव्या शेडच्या आतच टांगल्या. त्यासाठी रंध्याचं मशीन काढून टाकावं लागलं. जागा अडते, ओढ मंदावते, रोज झटकावं लागतं, हे सगळं पूर्वीइतकंच खरं होतं. व्यंकोजीराव तोंडाला कापड बांधून पिशव्या झटकत, पूड गोणीत भरून तोंड शिवून टाकत. शिसवाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. यंत्र सुरू करायच्या आधी ते जयतीर्थांना घेऊन आले, शेडमध्ये उभं केलं आणि सगळं दाखवलं. जयतीर्थांनी पिशवीवर तळहात ठेवला, बाहेर येणाऱ्या हवेचा वास घेतला, आणि कापडाची वीण किती दाट आहे असं विचारलं. मग जमेल म्हणाले.

जयतीर्थांचा खोकला पुष्कळ कमी झाला, दमा राहिला. खिशात फवाऱ्याची डबी आली. मठात आता दुसरा तरुण शास्त्री पुराण सांगे. जयतीर्थ बाजूला बसत आणि एखाद्या ठिकाणी अर्थ लावून देत, तेवढ्यापुरते लोक पुढे सरकत, कारण आवाज पहिल्या ओळीपलीकडे जात नव्हता. व्यंकोजीराव पूर्वी खांबाला टेकून बसत, ते आता अगदी मागे बसू लागले. तिथे मेष्ट्रूंचं काही ऐकू येत नसे. सोयराबाई एकदा म्हणाल्या, पुढे बसा की. ते म्हणाले, इथेच बरं आहे.

वेदवती सोयराबाईंशी हळूहळू पूर्वीसारख्या बोलू लागल्या. व्यंकोजीरावांशी नाही. रस्त्यात भेटल्या तर त्या पदर सावरून बाजूने निघून जात. त्यात राग दिसत नसे, ओळखही दिसत नसे.

ह्या गोष्टीला दोन-तीन वर्षं झाली असतील. व्यंकोजीरावांच्या शेडमधलं यंत्र पाहून एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि कोरमंगल्यात गॅरेजमध्ये हौसेने लाकूडकाम करणाऱ्या पुष्कर नावाच्या एका पुण्याच्या इंजिनिअरने त्यांना बोलावलं. माणूस चांगला होता, यंत्रं उत्तम होती. त्याला तसंच धूळ ओढायचं यंत्र हवं होतं. त्याने जागा दाखवली, मोटार दाखवली, मागची भिंत दाखवली आणि म्हणाला, इथून बाहेर काढून देऊ, काका, सिंपल आहे. पिशव्यांची कटकट कशाला?

व्यंकोजीरावांनी विचारलं, ह्या भिंतीमागे कोण राहतं? पुष्करला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो तिथे राहत होता. व्यंकोजीराव रस्त्याने वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. भिंतीला लागून एक खोली होती. दारात एक बाई खाटेवर तान्ह्या मुलाला तेल लावत होती.

ते परत आले आणि म्हणाले की पिशवी लावणार असाल तर मी करतो, नाहीतर नाही. पुष्कर हसला, जरा विचार करतो म्हणाला. महिनाभराने त्यांना कळलं की त्याने दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतलं, भिंतीतून.

व्यंकोजीराव बसने कोरमंगल्याला गेले. आधी पुष्करकडे. त्याने दार उघडलं, त्यांनी आपल्या शेजाऱ्याचं काय झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. पुष्करला वाईट वाटलं असावं, पण बघतो, काका, एवढंच म्हणाला. 'बघतो' ह्या शब्दाचा अर्थ व्यंकोजीरावांइतका कुणाला ठाऊक असणार? म्हणून ते मागच्या गल्लीतही गेले. बाईला कन्नडात म्हणाले की पलीकडे मशीनचा आवाज सुरू झाला की ही खिडकी लावून घ्या, पोराला घेऊन पुढच्या बाजूला बसा, आणि भुसा आत आला तर त्या घराची घंटा वाजवायला लाजू नका, रोज वाजवा.

बाईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. तुम्ही कोण, तुम्हाला काय पडलंय, असं तिने विचारलं.

"सुतार आहे," व्यंकोजीराव म्हणाले, आणि पुढचं सांगायला त्यांनी दाराची चौकट धरली.